टीएसएचचा रिपोर्ट पटत नाही? सीएलआयए चाचणीतल्या या चुका टाळा

लॅबमधल्या सीएलआयए (रसायनाच्या उजेडावरून रक्तातला घटक मोजणाऱ्या) मशीनला टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) दिसत नाही, दिसतो फक्त उजेड. ॲन्टिबॉडीला (टीएसएच पकडणाऱ्या प्रथिनाला) लेबल म्हणून जोडलेल्या ॲक्रिडिनियम एस्टर या रसायनाला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कली मिळाली की ते काही सेकंद निळसर चमकून संपतं. तेवढ्या चमकेवरून आकडा निघतो. म्हणून रिपोर्ट विचित्र आला की मशीनवर खापर फोडण्याआधी उजेडात कशाने ढवळाढवळ केली ते शोधा.

सगळ्यात जास्त फसवतं बायोटिन, म्हणजे केस-नखांच्या गोळ्यांतलं जीवनसत्त्व. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या एका ताईंचा टीएसएच अगदी कमी आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला आला, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय असं चित्र. पण धडधड नाही, वजन घटलेलं नाही. विचारल्यावर कळलं, केस गळतात म्हणून रोज १० मिलिग्रॅमची गोळी चालू होती. शरीराची रोजची गरज जेमतेम ३०-४० मायक्रोग्रॅम! ज्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन ही एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी वापरतात, तिथे रक्तातलं बायोटिन ती जागा अडवतं. सँडविच पद्धतीचा (दोन ॲन्टिबॉडींच्या मध्ये घटक पकडायचा) टीएसएच खोटा कमी येतो, स्पर्धात्मक पद्धतीचा (उजेड जितका कमी तितका आकडा जास्त) टी-४ खोटा जास्त, आणि बाईंना नसलेला आजार चिकटतो. हार्ट ॲटॅकमध्ये वाढणारा ट्रोपोनिनही असाच खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्त घेतानाच विचारा, "केसांची, नखांची काही गोळी चालू आहे का?" असेल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस बंद ठेवून पुन्हा नमुना घ्या.

दुसरी चूक घाईची. अक्कलकोटची एसटी चुकू नये म्हणून पेशंट मागे लागतो आणि आपण रक्त नीट गोठायच्या आत सेंट्रिफ्यूज करतो. मग सीरममध्ये (गोठलेल्या रक्तावर उरणाऱ्या पिवळसर द्रवात) फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, बारीक धागे राहतात, सुई कमी नमुना उचलते किंवा धुण्यात लेबल अडकून राहतं. साध्या लाल ट्यूबला अर्धा तास द्याच.

मशीनला लागणाऱ्या पाण्याकडे तर फार थोड्यांचं लक्ष जातं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे सगळा कारभार साठवणीवर. आरओ प्लँटच्या टाकीत जिवाणू वाढले तर त्यांचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम पाण्यात उतरतं. तुमच्या किटचं लेबलही तेच एन्झाइम असेल तर नमुना नसतानाही उजेड पडतो. झीरो कॅलिब्रेटरचे (घटक अजिबात नसलेल्या प्रमाण नमुन्याचे) आरएलयू, म्हणजे उजेडाचे आकडे, दिवसेंदिवस चढत असतील तर इंजिनिअरला फोन करण्याआधी टाकी आणि नळ्या निर्जंतुक करून घ्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना रिएजंटचा खोका रिक्षात उन्हात ठेवू नका. बर्फालाही थेट टेकवू नका. रिएजंटमधले ॲन्टिबॉडी चिकटवलेले चुंबकी कण गोठले की गुठळ्या होतात.

आणि एमआरआयमध्ये पिट्युटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) गाठ मोठी दिसते, पण प्रोलॅक्टिन हे तिचं हार्मोन थोडंसंच वाढलेलं, असं असेल तर नमुना १:१०० पातळ करून पुन्हा लावा. अति प्रोलॅक्टिनने दोन्ही ॲन्टिबॉडी वेगवेगळ्या भरून टाकल्या की सँडविच बनतच नाही. पातळ केल्यावर आकडा एकदम वर गेला तर डॉक्टरांना रिपोर्टची वाट न बघता फोनवर कळवा.