पिनवर पूर्ण व्होल्टेज येत नाही? आयसी काढण्याआधी या चुका टाळा

स्वतः डिझाइन केलेला बोर्ड तयार झाला, सोल्डरिंग झालं, प्रोग्रॅमही चढला. मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या आयसीची, पिन हाय (५ व्होल्टवर) केली आणि मीटरने ५ च्या जागी १.८ व्होल्ट दाखवले. इथे बहुतेकांचा पहिला संशय आयसीवर जातो. मग आयर्न तापतं, आयसी उपसला जातो, त्याच्यासोबत एखादा पॅडही उखडतो, नवा आयसी बसतो आणि मीटर पुन्हा १.८ वरच येऊन थांबतं. आयसी इतक्या सहजासहजी मरत नाहीत. मीटरवरचा आकडाच बरंच काही सांगत असतो, तो आधी नीट वाचायला हवा.

०.७ दिसत असतील, तर पिन आणि ट्रान्झिस्टरचा बेस यांच्यामध्ये रेझिस्टर नाही, किंवा १ के (१००० ओहम) ऐवजी भलताच कमी ओहमचा बसलाय. बेस-एमिटर जंक्शन म्हणजे शेवटी डायोडच, तो पिनला तिथेच धरून ठेवतो. १.८ ते २.२ असतील तर लाल एलईडी रेझिस्टरविना थेट पिनवर आहे; निळा किंवा पांढरा असेल तर आकडा ३ च्या आसपास जातो. आणि बरोबर मधोमध, म्हणजे अडीचच्या आसपास, अडकला असेल तर शेजारच्या पिनकडे बघा. एक पिन हाय, दुसरी लो आणि दोघींमध्ये सोल्डरचा बारीक पूल, अशी ती रस्सीखेच असते. भिंगाखाली पायांच्या मधल्या जागा तपासा. घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड कोरला असेल तर न निघालेल्या तांब्याचा केसाएवढा धागाही हेच करतो.

एक फसवा आकडाही आहे. पिनवर पीडब्ल्यूएम चालू असेल, म्हणजे पिन झपाट्याने चालू-बंद होत असेल, तर साधा मीटर फक्त सरासरी दाखवतो. २५ टक्के ड्युटी सायकलला (पिन पाव वेळच चालू असताना) १.२५ व्होल्ट दिसणं हा बिघाड नाही.

नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका

"लोड काढल्यावर ५ व्होल्ट येतात, म्हणजे पिन चांगली आहे" ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगओहम असतो. त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवायला पिनमध्ये दम असावाच लागत नाही.

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर हे हमखास घडतं. प्रोग्रॅममध्ये पिन आउटपुट करायची राहिली आणि तशीच हाय लिहिली, तर चिप आतला पुल-अप, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, चालू करते. हा पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. मोकळ्या पिनवर मीटर झकास ५ व्होल्ट दाखवतो, एलईडी जोडला की तो जेमतेम मिणमिणतो आणि व्होल्टेज कोसळतं. माणूस तासभर ट्रॅक तपासत बसतो आणि चूक असते पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणाऱ्या डीडीआर रजिस्टरच्या एका बिटात.

म्हणून १ के चा एक रेझिस्टर हाताशी ठेवा. बाकी सगळं सोडवून तो पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावा आणि मग मोजा. खरी आउटपुट पिन ५ मिलीअँपिअर सहज देते, त्यामुळे व्होल्टेज ४.८ च्या आसपास राहतं. नुसता पुल-अप असेल तर ते ०.१ ते ०.२५ पर्यंत खाली येतं. दोन्हींत इतका फरक आहे की शंकेला जागाच राहत नाही.

सप्लाय चिपच्या पायांवरच मोजा

पॉवर कनेक्टरवर ५ व्होल्ट आहेत, ठीक. पण चिपपर्यंत पोचले का? डिप पॅकेजमधल्या ३२८ ला प्रोब थेट ७ (व्हीसीसी, म्हणजे सप्लाय) आणि ८ (ग्राउंड) नंबरच्या पायांवर टेकवा, पॅडवर नको. ड्राय सोल्डर असेल तर पॅडवर ५ आणि पायावर वेगळंच काही मिळतं.

व्हीसीसीचा ट्रॅक तुटलेला असूनही प्रोग्रॅम चालतो, हेही होतं. यूएसबी-सिरियल मॉड्यूलची टीएक्स तार चिपच्या आरएक्सला जोडलेली असते आणि चिप तिच्यातूनच, आतल्या संरक्षक डायोडमार्गे, वीज ओढते. डायोडवर काही दशांश व्होल्ट जातात, सगळ्याच पिना ढिल्या पडतात आणि बोर्ड जिवंत दिसतो, त्यामुळे सप्लायवर संशयच येत नाही. सगळ्या सिग्नलच्या तारा काढून बघा. बोर्ड मेला तर चोर सापडला.

२० नंबरचा पाय, एव्हीसीसी, हा फक्त एडीसीसाठी (व्होल्टेज मोजणाऱ्या आतल्या भागासाठी) आहे असं समजून मोकळा सोडणारे पुष्कळ भेटतात. पीसी० ते पीसी३ या चार पिना त्याच सप्लायवर चालतात. बाकी सगळ्या पिना ठणठणीत आणि या चारच रडतायत, असं दिसलं की बाकी कुठे शोधू नका. एडीसी वापरायचा नसला तरी एव्हीसीसी व्हीसीसीला जोडायचाच.

रेग्युलेटरचं थोडक्यात: ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ ला आत साधारण ७ व्होल्ट हवेत. एकाच लिथियम सेलवर एएमएस१११७ लावून ३.३ व्होल्टची अपेक्षा धरू नका, तो स्वतःच एक व्होल्टच्या आसपास खातो.

काही पिना मुळातच कमजोर असतात

आपल्याकडे डिप्लोमापासून ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवला जातो, पण त्याच्या पिना हाय असताना किती करंट देतात हे फारसं कोणी सांगत नाही. त्याच घराण्यातल्या एटी८९एस५२ च्या पोर्ट (पिनांचे गट) १, २ आणि ३ साठी डेटाशीट २.४ व्होल्टची हमी देते ती फक्त ६० मायक्रोअँपिअरला. एवढ्यावर एलईडी काय लागणार? तीच पिन लो असताना १० मिलीअँपिअर ओढू शकते. म्हणून एलईडी ५ व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये, रेझिस्टरसह लावायचा आणि पिन लो करून पेटवायचा. पोर्ट ० ला तर पुल-अपच नाही. बाहेरून १० के लावला नाही तर हाय मिळणारच नाही.

पिक१६एफ८७७ए ची आरए४ अशीच ओपन-ड्रेन, म्हणजे स्वतःहून हाय न होणारी, आहे. एसटीएम३२एफ१०३ च्या पीसी१३, पीसी१४, पीसी१५ फक्त ३ मिलीअँपिअर ओढतात, आणि करंट देण्यासाठी त्या वापरूच नयेत असं डेटाशीट बजावते. एटीमेगा३२ चा प्रकार वेगळा. तिथे जेटॅग (चिप तपासण्याची जोडणी) कारखान्यातूनच चालू येतो, त्यामुळे पीसी२ ते पीसी५ तुमचं ऐकतच नाहीत. जेटॅगचा फ्यूज, म्हणजे चिपमधली सेटिंग, बदलला की त्या सुटतात. नवा बोर्ड काढताना पिना वाटण्याआधी डेटाशीटमधल्या तळटीपा वाचा, खरी माहिती तिथेच दडलेली असते.

पिनवर रिले टांगू नका

५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते, म्हणजे ७० मिलीअँपिअर. ३२८ ची कमाल मर्यादा पिनमागे ४० आहे, आणि तीही चिप खराब होण्याची सीमा, रोज वापरायचा आकडा नव्हे. डेटाशीट २० मिलीअँपिअरलाच किमान ४.२ व्होल्टची हमी देते, त्यामुळे लोड वाढला की पिन खाली येणारच. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला १ के आणि कॉइलवर १एन४००७ डायोड एवढ्यात काम होतं. रिले जास्त असतील तर यूएलएन२००३ हा ट्रान्झिस्टरांचा तयार आयसी घ्या. बेसचे रेझिस्टर आणि डायोड त्याच्या आतच असतात, फक्त ९ नंबरचा पाय रिलेच्या सप्लायला जोडायला विसरू नका.

एवढं सगळं करूनही १ के च्या चाचणीत एकच पिन नापास होत असेल आणि तोच कोड शेजारच्या पिनवर नीट चालत असेल, तर ती पिन खरंच गेली आहे. तेव्हा आयसी बदला. पण नवा बसवण्याआधी त्या पिनवरचा ट्रान्झिस्टर काढून मीटरवर तपासा. रिलेवर डायोड नसला की ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊ शकतो आणि रिले १२ व्होल्टचा असेल तर ते १२ व्होल्ट बेसमार्गे पिनपर्यंत येतात. तो तसाच राहिला तर दुसरा आयसीही त्याच वाटेने जाईल.