पडद्यावर एक पान, कागदावर दोन

नाशिकच्या द्राक्ष पॅकहाउसमधली पॅकिंग लिस्ट एक्सेलमध्ये नीट दिसते, पण छापताना शेवटचा ‘निव्वळ वजन’ कॉलम दुसऱ्या पानावर जातो. आधी पेपर साइज पाहिला: फाइलमध्ये लेटर, म्हणजे २१६ × २७९ मिमी, ट्रेमध्ये ए-फोर, २१० × २९७. रुंदीतले ६ मिमी तिथेच गेले.

पण मूळ दुखणं अक्षरांच्या मापात आहे. पडद्यावर साधारण ९६ डीपीआयला (एका इंचात ९६ ठिपके) अक्षरं अख्ख्या पिक्सेलमध्ये बसवली जातात, प्रिंटर ६०० डीपीआयला छापतो. त्यामुळे तोच मजकूर कागदावर किंचित रुंद होऊ शकतो. मग आकड्यांच्या जागी #### उमटतात, रॅप केलेल्या (मजकूर अनेक ओळींत मोडलेल्या) सेलची खालची ओळ कापली जाते. इथे ऑटोफिटच्या, म्हणजे मजकुरानुसार मापं आपोआप ठरवणाऱ्या सोयीच्या, भरवशावर राहू नये. मी कॉलम थोडे सैल केले, मराठी मजकुराच्या ओळींची उंची हाताने वाढवली.

त्यानंतर पेज लेआउटमध्ये विड्थ १ पेज, हाइट ऑटोमॅटिक; म्हणजे सगळे कॉलम लहान होऊन एका पानाच्या रुंदीत बसतात. स्केल ७० टक्क्यांखाली गेलं तर कागद आडवा करा, नाहीतर वजनं वाचता येत नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानात एक्सेल फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. तिथे तुमचा फाँट नसला की मापं पुन्हा बदलतात.