ट्रेलरचे विजेचे ब्रेक आणि त्यांचा कंट्रोलर: जोडणी व जुळवणी

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर कसा रेटला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक का हवेत, हे समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत कॅम्पिंगचा ट्रेलर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न येतो. तेथील बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपेक्षा जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक आहे, तर काही राज्यांत ही मर्यादा आणखी खाली आहे.

मध्यम आकाराच्या ट्रेलरच्या चाकात साधारणपणे ड्रम ब्रेक असतो आणि त्यात एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. वीज मिळताच हा चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि त्याच्यासोबत ओढला जातो. त्या ओढीने एक तरफ हलते व ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. वीज जितकी जास्त, तितकी पकड घट्ट. ती किती द्यायची, हे चालकाजवळ बसवलेला कंट्रोलर ठरवतो.

कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात. पहिल्या प्रकारात ब्रेकचा दिवा लागला की ठरलेल्या वेगाने वीज वाढत जाते, मग तुम्ही पेडल हलकेच टेकवलेले असो वा जोरात दाबलेले. दुसऱ्या, म्हणजे प्रपोर्शनल प्रकारात गाडी किती झपाट्याने मंदावते आहे हे आतला सेन्सर ओळखतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लावतो. पहिला स्वस्त असतो, परंतु घाटातल्या रस्त्यांवर जाणाऱ्याने दुसराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या पिकअपला कारखान्यातूनच टोइंग पॅकेज आलेले असेल, तर डॅशबोर्डखाली तयार सॉकेट सापडण्याची शक्यता असते. त्या मॉडेलची अडॅप्टर वायर आणली की विजेचे काम संपते. तसे नसेल, तर प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. कंट्रोलरमधून सहसा चार तारा निघतात. काळी तार बॅटरीच्या धन टोकाकडे जाते आणि तिच्यात बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर घालावा लागतो. एका चुंबकाला साधारण ३ अँपिअर वीज लागत असल्याने दोन किंवा चार ब्रेकांसाठी २० अँपिअरचा आणि सहांसाठी ३० अँपिअरचा ब्रेकर वापरतात. पांढरी तार अर्थिंगची असून, ती जवळच्या एखाद्या स्क्रूला गुंडाळून न टाकता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. निळी तार मागच्या सात पिनांच्या सॉकेटमधील ब्रेकच्या पिनेला जाते. चार पिनांच्या सपाट सॉकेटमध्ये ब्रेकसाठी जागाच नसते, त्यामुळे ते बदलावेच लागेल.

खरी कसोटी लाल तारेची. ती ब्रेक पेडलच्या स्विचमधून दिव्यांकडे जाणाऱ्या तारेला जोडायची असते. त्यासाठी तपासणीपुरती बॅटरी पुन्हा जोडावी, पायाशी आडवे पडून टेस्ट लॅम्पचे टोक स्विचच्या एकेका तारेला लावावे आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगावे. पेडल दाबल्यावरच जिच्यावर दिवा लागतो आणि सोडताच विझतो, ती आपली तार. केवळ रंगावर विसंबू नये. ज्या गाड्यांत मागे ब्रेक आणि इंडिकेटर यांचा दिवा एकच असतो, तेथे ही जोडणी चुकून मागच्या बाजूला केली, तर इंडिकेटरच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर ट्रेलर ब्रेक मारू लागतो.

प्रपोर्शनल कंट्रोलर घट्ट आणि गाडीच्या धावण्याच्या दिशेशी समांतर बसवावा. त्याचा कोन किती चालेल हे माहितीपुस्तकात दिलेले असते. हात सहज पोहोचला पाहिजे, मात्र गुडघा आदळेल किंवा एअरबॅग उघडेल अशी जागा टाळावी.

यानंतर गेनची, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक जास्तीत जास्त किती जोराने लागेल त्या पातळीची, जुळवणी. ट्रेलर नेहमीच्या सामानासह जोडून, कोरड्या, सपाट व मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या आसपास वेग ठेवावा आणि पेडलला पाय न लावता कंट्रोलरवरची हाताने चालवायची कळ पूर्ण सरकवावी. ट्रेलरची चाके जाम होऊन घसरली, तर गेन कमी करावा. ओढ क्षीण वाटली, तर वाढवावा. चाके जाम होण्याच्या जरा अलीकडची पातळी योग्य. सामान बदलले किंवा रस्ता ओला असला, की ही जुळवणी पुन्हा करावी लागते. ट्रेलर डोलू लागल्यास हीच कळ हळुवार सरकवून केवळ मागचे ब्रेक लावता येतात, म्हणून तिची जागा न बघता सापडेल इतका सराव ठेवावा.

शेवटी ब्रेकअवे स्विच तपासावा. ट्रेलर सुटून वेगळा झालाच, तर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावणारा हा स्विच आहे. सात पिनांचा प्लग आधी काढून, मग स्विचची पिन ओढावी आणि हुकला जोडलेला ट्रेलर गाडीने किंचित पुढे ओढून पाहावा. चाके अडली पाहिजेत. तपासणी होताच पिन परत बसवावी, अन्यथा चुंबक तापतात आणि ट्रेलरची बॅटरी उतरते.