कुत्र्याच्या रक्तात सीडी४ तपासताय? या चुका टाळा

फ्लो सायटोमेट्रीत (चमकणाऱ्या अँटीबॉडी लावून पेशी लेझरसमोरून एकेक मोजण्याच्या तंत्रात) पेशीवर सीडी४ हे प्रथिन दिसलं की ती हेल्पर टी-पेशी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), अशी समजूत माणसाच्या रक्तावर हात बसवून आलेल्या बहुतेकांची असते. कुत्र्यात ती सपशेल फसते. कुत्र्याच्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही सीडी४ भरपूर असतं. माणसाच्या न्यूट्रोफिलवर ते नसतं. त्यात निरोगी कुत्र्याच्या रक्तातसुद्धा न्यूट्रोफिल लिम्फोसाइटपेक्षा जास्त.

एक विद्यार्थिनी लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) झालेल्या कुत्र्याचा आलेख घेऊन आली होती. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर हेल्पर पेशी झपाट्याने वाढल्या, असा निष्कर्ष. पोस्टरची तयारीही झालेली. पण स्टेरॉइडने रक्तातले न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात! तिने सगळ्या पांढऱ्या पेशींवर मिळून एकच गेट (मोजायच्या पेशी निवडणारी चौकट) टाकला होता, म्हणजे न्यूट्रोफिलही हेल्पर म्हणून मोजले गेले. सोबत सीडी५ ही टी-पेशींची खूण लावून नमुना पुन्हा चालवला, तेव्हा वाढ कुठेच उरली नाही. मेहनत तिची खरी होती, घाई नडली. गेटिंगला वेळ द्यायचा नाही आणि आकडा मात्र लगेच हवा, ही सवय मला अजिबात मान्य नाही.

मी आधी स्कॅटरवर (पेशीवरून विखुरलेल्या प्रकाशावर) लिम्फोसाइट वेगळे करते, मग सीडी५ किंवा सीडी३ ही टी-पेशींची दुसरी खूण, आणि त्यानंतरच सीडी४ बघते. नुसत्या स्कॅटरवर विसंबत नाही, कारण रक्त शिळं झालं की न्यूट्रोफिलचा साइड स्कॅटर (बाजूला विखुरणारा प्रकाश) उतरतो आणि ते लिम्फोसाइटच्या गेटमध्ये घुसतात. याच न्यूट्रोफिलचा एक उपयोगही आहे: तेच चमकले नाहीत, तर रंगवण्यातच गडबड आहे. मग पुढचं वाचन मी थांबवते.

दुसरी चूक क्लोनची, म्हणजे अँटीबॉडीच्या ठरावीक वाणाची. फ्रीजमध्ये माणसाची सीडी४ अँटीबॉडी उरली आहे म्हणून ती कुत्र्यावर वापरून बघू नका. वायकेआयएक्स३०२.९ हा कुत्र्यासाठीचा मुरलेला क्लोन आहे. तो रॅट आयजीजी२ए या प्रकारचा आहे, म्हणून आयसोटाइप कंट्रोलही (तुलनेसाठीची, काहीच न ओळखणारी अँटीबॉडी) त्याच प्रकारचा हवा. माउसचा चालणार नाही. सीडी३-१२ हा क्लोन मात्र अनेक प्राण्यांत चालतो, कुत्र्यातही, कारण तो सीडी३ एप्सिलॉन या सीडी३च्या घटकाचा पेशीच्या आत असलेला, फारसा न बदललेला भाग ओळखतो. पेशींचं आवरण सच्छिद्र न करता तो जिवंत पेशींवर टाकायचा आणि सिग्नल आला नाही की कंपनीला तक्रारीची ईमेल, हे फार वेळा पाहिलंय. आधी डेटाशीट वाचा.

फ्लुरोक्रोम (चमकणारा रंग) जोडलेली अँटीबॉडी गोठवू नका. मेलेल्या पेशी वाटेल ती अँटीबॉडी धरतात, म्हणून त्या ओळखणारा व्हायेबिलिटी डाय प्रत्येक वेळी हवाच. माउस आणि रॅट क्लोन एकत्र वापरताना एकासाठीची सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटणारी रंगीत अँटीबॉडी) दुसऱ्यालाही पकडू शकते; शक्यतो थेट रंग जोडलेल्याच घ्या.

टायट्रेशन (अँटीबॉडीचं योग्य प्रमाण शोधणं) टाळू नका. डेटाशीटवरचं प्रमाण ही फक्त सुरुवात आहे. मी दुपटीने पातळ करत जाते आणि ज्या प्रमाणाला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशी सर्वांत स्पष्ट वेगळ्या दिसतात, ते लॉट नंबरसकट कुपीवर लिहून ठेवते. नवा लॉट आला की पुन्हा पहिल्यापासून.