स्कूटरचा मागचा टायर: चाक घरी काढा, टायर दुकानात बदला

पुढचा टायर अजून दोन पावसाळे सहज काढेल असा दिसतो आणि मागच्याचा मात्र मधोमध चमनगोटा झालेला असतो. स्कूटरचं सगळं ओझं मागंच. इंजिन मागं, चालवणारा मागं, डबलसीट बसलेला त्याहून मागं, आणि गाडी ढकलणारं चाकही तेच. त्यात ते लहान. 90/100-10 मापाचा टायर एका किलोमीटरला साधारण 730 फेरे मारतो. कोल्हापुरातून पन्हाळ्याला, म्हणजे वीसेक किलोमीटर जाईपर्यंत साडेचौदा हजार फेरे झाले.

टायर संपलाय का हे ओळखायला खाचांमध्ये बोट घाला. खाचेच्या तळाशी रबराचे बारके उंचवटे असतात. ते नेमके कुठं आहेत हे टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशा अक्षरांनी किंवा छोट्या त्रिकोणानं दाखवलेलं असतं. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. दुचाकीला नियमानं किमान 0.8 मिलिमीटर खाच लागते, पण मे महिन्यात टायर तिथवर आला असेल तर जूनची वाट बघू नका. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचांचंच असतं.

नवा टायर घेताना जुन्यावरचा आकडा जसाच्या तसा लिहून न्या. 90/100-10 53जे असेल तर 90 मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या शंभर टक्के, रिम 10 इंची. 53 म्हणजे 206 किलो भार आणि जे म्हणजे ताशी 100 किलोमीटर वेग. शिवाय चार आकडी तारीख बघा. 2325 असेल तर तो 2025 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर दिसायला नवाकोरा असला तरी रबर कडक झालेलं असतं.

आता चाक. पुढची रीत अॅक्टिव्हाच्या जातीच्या स्कूटरची आहे. काही गाड्यांना चाकाच्या उजव्या बाजूलाही आधाराचा आर्म असतो, तिथं तो आधी सोडवावा लागतो.

चाकाचा नट सायलेन्सरच्या आड असतो, म्हणून पहिल्यांदा सायलेन्सर काढायचा. खरी परीक्षा इथंच. इंजिनाच्या तोंडाशी सायलेन्सरला दोन नट असतात. उष्णता आणि पावसाचं पाणी खाऊन ते असे गंजतात की नट न फिरता आतला स्टडच, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, पिळवटून तुटतो. माझा एक तुटला. हातात पाना, पान्यात नट आणि नटात अर्धा स्टड. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत उद्यमनगरला नेली. तिथल्या मिस्त्रीनं तुटका तुकडा बघितला आणि एवढंच म्हणाला, "भावा, आधी तेल, मग ताकद." तेव्हापासून मी आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतो. सकाळी नट थोडा सैल, थोडा परत घट्ट, परत सैल, असं करत काढतो. इंजिन थंड हवं हे सांगायला नको, तरी सांगतो. सायलेन्सरला चिकटलेली पोटरी महिनाभर आठवण देते.

सायलेन्सर निघाला की चाकाचा मोठा नट. गाडी मेन स्टँडवर असताना त्याला जोर लावलात तर गाडी स्टँडवरून पुढं उतरायची. म्हणून चाक जमिनीवर ठेवा, घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून डावा ब्रेक घट्ट दाबायला सांगा आणि लांब दांड्याच्या सॉकेटनं नट फक्त सैल करा. माझ्याकडं हे काम भाच्याचं. "मामा, झालं का?" असं दर दहा सेकंदांनी विचारतो, पण ब्रेक सोडत नाही.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढच्या चाकाला वीट लावा, टायरची हवा सोडा आणि नट काढून चाक दातेरी शाफ्टवरून सरळ बाहेर ओढा. अडलं तर डावी-उजवीकडं हलवत ओढायचं, हातोडी मारायची नाही.

चाक निघाल्यावर ब्रेकचे लायनर समोर दिसतात. पातळ झाले असतील तर आत्ताच बदला, परत एवढा खटाटोप कोण करतंय? आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ग्रीसचा हात तिथं लागता कामा नये.

टायर रिमवरून उतरवायचं काम मात्र दुकानात मशीनवर करून घ्या. जुन्या चेतकची गोष्ट वेगळी होती. तिची रिम दोन भागांची. हवा पूर्ण सोडून नट काढले की टायर मोकळा. आताच्या ट्यूबलेस टायरची कड रिमला घट्ट चिकटलेली असते. टॉमीनं, म्हणजे लोखंडी पट्टीनं, उचकटताना रिमच्या काठाला चरा पडला की तिथून हवा झिरपत राहते. दुकानात उभं राहून तीन गोष्टी बघा. व्हॉल्व्ह नवा घातला का, टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं आहे का, आणि पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आला का. हवा भरताना कड बसल्याचा टक् असा आवाज येतो. मग कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं.

परत बसवताना नट आधी हातानं फिरवा. आटे वाकडे चढले तर शाफ्टचं नुकसान. नट शेवटचा आवळायचा तो चाक जमिनीवर टेकवून, ब्रेक दाबून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं. नट सुटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन असेल तर ती नवी. सायलेन्सरच्या तोंडाच्या जोडातलं गॅस्केटही नवंच घाला, नाहीतर तोंडाशी फटफट ऐकत फिरावं लागेल. हवेचं प्रेशर गाडीवरच्या स्टिकरप्रमाणं भरा. एकट्याचं आणि डबलसीटचं वेगळं दिलेलं असतं.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी फार कलवू नका. मी तेवढे दिवस पन्हाळ्याचा घाट टाळतो आणि रंकाळ्याला चकरा मारतो. नंतर एकदा नट आणि सायलेन्सरचे बोल्ट तपासायचे.