साताऱ्यातून धूमकेतूचा फोटो काढताय? या चुका टाळा

धूमकेतू आल्याची बातमी छापून आली की त्याच संध्याकाळी साताऱ्यातले बरेच हौशी कॅमेरा घेऊन गच्चीवर जातात. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा. अंधार पडेपर्यंत धूमकेतू त्याच्यामागे केव्हाच उतरलेला असतो. मग "आपल्या कॅमेऱ्यात काही यायचं नाही" असा निष्कर्ष निघतो आणि कॅमेरा कपाटात जातो. कॅमेऱ्यावर हा अन्याय आहे. साधा डीएसएलआर किंवा मिररलेस, सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स आणि न डगमगणारा ट्रायपॉड, एवढ्यावर नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा धूमकेतू शेपटीसकट फोटोत येतो. फोटो फसतात ते मुख्यतः जागा, वेळ आणि फोकस यांमुळे. या तिन्हींची तयारी घरी बसून, दिवसाउजेडी करता येते.

क्षितिज न तपासता जागा ठरवणं

धूमकेतू सूर्याजवळ येतो तेव्हा तापतो, त्यातला बर्फ थेट वायू होऊन धुळीसकट बाहेर पडतो आणि तो उजळतो. म्हणजे सगळ्यात तेजस्वी असतो त्या दिवसांत तो आकाशातही बहुधा सूर्याच्या आसपास असतो. त्यामुळे सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला, क्षितिजालगतच तो शोधावा लागतो. मध्यरात्री डोक्यावर येणारे तेजस्वी धूमकेतू क्वचितच.

आता हिशेब करा. तुमच्यापासून २ किलोमीटरवर ३०० मीटर उंचीचा डोंगर असेल तर तो साधारण साडेआठ अंश आकाश झाकतो. साताऱ्याच्या अक्षांशावरून (सुमारे १७.७ अंश उत्तर) पश्चिमेकडे उतरणारी वस्तू एक अंश खाली यायला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेते. म्हणजे एकट्या डोंगरापायी पस्तीस मिनिटं गेली. संध्याकाळच्या धूमकेतूला मिळणारा वेळ बऱ्याचदा तेवढाच असतो.

संध्याकाळच्या धूमकेतूसाठी माझी पसंती चाळकेवाडीच्या पठाराला आहे. सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून पवनचक्क्यांच्या माळावर आलात की पश्चिमेला कोयनेचं खोरं आणि जंगल. तिकडे मोठं शहर नाही, त्यामुळे क्षितिज खरोखर काळं असतं. पहाटेच्या धूमकेतूला मात्र हीच जागा गैरसोयीची, कारण पूर्वेला महामार्ग आणि त्यालगतच्या गावांचा उजेड. पहाटेसाठी वर्धनगडचा घाट ओलांडून पुसेगावच्या पुढे, खटाव-माणच्या मोकळ्या रानात जा. तिथे पावसाळी ढगही कमी असतात. पूर्वेला कमी उंचीवर नजर पोचते आणि एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर ट्रायपॉड लावायची सोय होते.

कास पठाराचा मोह आवरा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेली ती जागा आहे. फुलांच्या हंगामात काळोखात तिथे पाय कुठे पडतोय हे दिसत नाही, आणि आकाशाचा फोटो काढण्यासाठी फुलं तुडवण्याचं काही कारण नाही. त्या वाटेवर रात्री गवेही असतात. गडांवर जायचं असेल तर दरवाजे कधी बंद होतात ते आधी विचारून घ्या.

जागा दिवसा पाहून ठेवा. हात सरळ पुढे धरून मूठ वळली तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. सूर्य मावळतो त्या बाजूला डोंगर, झाडं, टॉवर किती मुठी वर येतात ते मोजा आणि स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अॅपमध्ये त्या तारखेची धूमकेतूची उंची पाहून ताळा करा. अॅपमधली धूमकेतूची माहिती आधी अपडेट करून घ्या. नवीन धूमकेतूंच्या कक्षेचे आकडे सुधारत जातात आणि जुन्या आकड्यांवर अॅप भलतीच जागा दाखवतं.

चुकीच्या वेळी, चुकीच्या दिवशी

आपल्याकडे सूर्यास्तापासून पूर्ण अंधार व्हायला, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जायला, साधारण सव्वा तास लागतो. पूर्ण अंधाराची वाट पाहाल तर धूमकेतू मावळेल. लवकर सुरुवात कराल तर आकाश पांढरं येईल. उपाय एकच: सूर्यास्तानंतर तीसेक मिनिटांनी सुरुवात करायची आणि धूमकेतू मावळेपर्यंत फोटो काढत राहायचं. सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि शटर अर्धा-एक सेकंद पुरतो. अंधार वाढेल तसं दर पाच मिनिटांनी दोन्ही वाढवत न्या. आकाश गडद होतंय आणि धूमकेतू अजून फार खाली गेलेला नाही, अशी दहा-पंधरा मिनिटं मधे येतात. चांगला फोटो बहुधा त्यातलाच असतो. दहा अंश उंचीवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या वस्तूच्या तुलनेत सुमारे साडेपाचपट हवेतून येतो. म्हणून शेवटच्या क्षणांत धूमकेतू पिवळट, मलूल होत जातो. त्याला कॅमेऱ्याचा इलाज नाही.

पंचांग उघडायला विसरू नका. सी/२०२३ ए३ त्सुचिनशान-अॅटलस हा धूमकेतू १२ ऑक्टोबर २०२४ ला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता आणि त्यानंतर रोज संध्याकाळी वर वर येत गेला. पण १६ तारखेला कोजागरी! धूमकेतू सोयीच्या उंचीवर आला तेव्हा आकाशभर चांदणं होतं आणि लांब शेपटीचा फिकट भाग त्यात बुडाला. चंद्र उशिरा उगवू लागल्यावर, साधारण २० तारखेनंतर, पुन्हा अंधार मिळाला. तोवर धूमकेतू मंदावला होता, तरी ज्यांनी तेव्हा पुन्हा कॅमेरा लावला त्यांना शेपूट स्पष्ट मिळाली. पुढच्याच वर्षी सी/२०२५ ए६ लेमन २१ ऑक्टोबरला पृथ्वीजवळ आला. चंद्राचा अडथळा अजिबात नाही, कारण त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. पण फटाक्यांचा धूर! दिवाळीत धूमकेतू टिपायचा तर गावापासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायला हवं. ऊसतोड सुरू झाली की कोरेगाव-कराडकडे पाचट पेटवल्याचा धूरही असाच क्षितिजालगत साचून राहतो.

फोकस: सर्वाधिक फोटो इथे वाया जातात

अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे धडपडतो आणि कुठेतरी थांबतो. म्हणून लेन्सवरची कळ मॅन्युअलवर न्या. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची चूक म्हणजे रिंग अनंताच्या खुणेवर किंवा शेवटपर्यंत फिरवून मोकळं होणं. बहुतेक लेन्स अनंताच्या थोड्या पलीकडेही फिरतात. शेवटपर्यंत फिरवली की तारे टिपक्यांऐवजी चकत्या होतात, आणि धूमकेतू मुळातच धूसर असल्यामुळे फोकस गेल्याचं त्याच्याकडे पाहून कळत नाही. चूक घरी संगणकावर दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

फोकस कधीही धूमकेतूवर करू नका, ताऱ्यावर करा. शुक्र, स्वाती, अभिजित, जे ठळक दिसत असेल ते घ्या. लाइव्ह व्ह्यू लावून पडद्यावर दहापट मोठं करा आणि रिंग अगदी हळू फिरवत तो ठिपका लहानात लहान करा. त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना जाऊन परत या, म्हणजे खात्री पटते. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. किट लेन्समध्ये झूम बदललं की फोकस हलतो, म्हणून आधी झूम पक्कं, मग फोकस. रात्र गार होत जाते तसा फोकस किंचित सरकतो, तेव्हा अर्ध्या तासाने पुन्हा एकदा पाहा.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवा. पुढे यूव्ही फिल्टर असेल तर काढा. शुक्र किंवा चंद्र चौकटीजवळ असला की त्याचं भूत, म्हणजे काचेतलं प्रतिबिंब, फोटोत उमटतं आणि ते हुबेहूब हिरवट धूमकेतूसारखं दिसतं.

शटर किती वेळ उघडं?

पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. फोटोत त्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून एक नियम आहे. लेन्सच्या एमएमने ५०० ला भागायचं, कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल तर आधी त्या एमएमला दीडने गुणायचं. उत्तर येईल तेवढे सेकंद. छोट्या सेन्सरवर ५० एमएमला साडेसहा, १८ एमएमला अठरा, २०० एमएमला जेमतेम पावणेदोन. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा नियम ढिला पडतो. मोठा प्रिंट काढायचा असेल तर उत्तराच्या दोन तृतीयांश वेळ घ्या.

यातूनच लेन्सचा प्रश्न सुटतो. "धूमकेतू लांब आहे, म्हणून मोठी झूम हवी" हा समज सोडून द्या. बिनमोटरच्या ट्रायपॉडवर २०० एमएमला प्रकाश गोळा करायला वेळच मिळत नाही. शेपूट अनेक अंश लांब असू शकते, ती चौकटीबाहेरही जाते. माझ्या मते ५० एमएम, एफ १.८ ची स्वस्त प्राइम (झूम नसलेली) लेन्स या कामाला सगळ्यात चांगली. ती एफ २.२ किंवा २.८ वर ठेवा, म्हणजे कडेचे तारे पसरत नाहीत. आयएसओ १६००, पाच सेकंद, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. किट लेन्स असेल तर आयएसओ ३२००. हिस्टोग्रामचा (उजेड-अंधाराच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेला चिकटलेला नको, डावीकडून पाव ते तृतीयांश अंतरावर हवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो अंधारात नेहमीच उजळ भासतो, त्याच्यावर विसंबू नका.

मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा, प्रो मोड, दहा सेकंद, फोकस डोंगराच्या चिन्हावर, आणि फोन कशाला तरी घट्ट टेकवलेला. टेलिफोटोच्या बटणाला हात लावू नका, त्याचा सेन्सर लहान असतो.

चाळकेवाडीत पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा आहेच. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय आखूड ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. दांड्याला बॅग लटकवाल तर ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर ती झुलते आणि कॅमेराही हलवते. दव पडू लागलं तर लेन्सला हूड लावा आणि भोवती सुती फडकं गुंडाळा. काच पुसत बसलात तर चिकटपट्टीखालचा फोकस हलतो.

चौकट

शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला ती वर, किंचित तिरकी जाते. धूमकेतूचं डोकं बरोबर मध्यभागी ठेवलं की खालची अर्धी चौकट फुकट आणि वर शेपूट कापलेली. डोकं खालच्या तिसऱ्या भागात घ्या, कॅमेरा उभा धरा. डोळ्यांना दिसते त्याच्या दुप्पट जागा वर सोडा, कारण कॅमेऱ्याला शेपूट आपल्यापेक्षा लांब दिसते. वायूची शेपूट निळसर आणि सरळ, धुळीची पिवळसर आणि वळलेली. दोन्ही आल्या तर त्यांच्यातला कोनही चौकटीत बसायला हवा.

"फोटोत धूमकेतू सापडतच नाही"

आधी एक गोष्ट. प्रत म्हणजे ठळकपणाचा आकडा. "चौथ्या प्रतीचा धूमकेतू" म्हणजे चौथ्या प्रतीच्या ताऱ्याइतका ठळक नव्हे. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश मोठ्या भागावर पसरलेला. म्हणून बातमीतला आकडा वाचून जे शोधतात त्यांना तो दिसत नाही. १०×५० ची दुर्बीण जवळ ठेवा, आधी तिने शोधा, मग कॅमेरा वळवा. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण किंवा कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर त्या बाजूला नेऊ नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. पहाटेच्या वेळी सूर्य उगवण्याआधी आवरतं घ्या.

फोटो काढूनही शंका असेल तर तो अॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवा. ताऱ्यांची रचना ओळखून आकाशाचा नेमका कोणता भाग टिपलाय ते ही मोफत सेवा सांगते. मग त्या जागी धूमकेतू होता का ते स्टेलॅरियममध्ये पाहा. सूर्यास्तानंतर पश्चिमेला उजळलेली विमानाची धुरेरी अनेकदा धूमकेतू म्हणून पुढे पाठवली जाते. ती काही मिनिटांत सरकते आणि विरते, धूमकेतू ताऱ्यांबरोबर संथ उतरतो. धूसर ठिपका तारकागुच्छही असू शकतो. शार्ल मेसिएने अठराव्या शतकात आपली यादी केली ती धूमकेतू शोधताना अशा ठिपक्यांनी फसू नये म्हणूनच. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा टिपा. ठिपका ताऱ्यांमधून हलला असेल तर धूमकेतू, नसेल तर नाही.

फोटो एकत्र करताना

एकाच फोटोवर ब्राइटनेस ताणत बसण्यापेक्षा पाच-पाच सेकंदांचे छत्तीस फोटो घ्या. एकत्र केल्यावर त्यातला दाणेदारपणा साधारण सहापट कमी होतो. लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर दहा-पंधरा काळे फोटोही घ्या. फोटो एकत्र करणारी डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. काळ्या फोटोंवरून सेन्सरचे डाग ती वजा करतात.

इथली नेहमीची तक्रार: तारे सुरेख, पण धूमकेतूचं डोकं लांबट. कारण तो ताऱ्यांमधून स्वतः सरकतो. दिवसाला चार अंश सरकणारा धूमकेतू दहा मिनिटांत १०० विकला जातो. ५० एमएम लेन्सवर हे सहा पिक्सेल भरतात. म्हणून फोटोंची मालिका तीन-चार मिनिटांत आटोपा, नाहीतर डीपस्कायस्टॅकरमध्ये धूमकेतूचा पर्याय निवडून पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भाच्या फोटोत त्याच्या डोक्यावर खूण करा. मधल्या फोटोंतली जागा ते सॉफ्टवेअर फोटोंच्या वेळांवरून काढतं, त्यामुळे मालिकेच्या मधे कॅमेऱ्याचं घड्याळ बदलू नका.

डोंगर किंवा पवनचक्की चौकटीत असेल तर तारे जुळवताना ती फरफटते. सीक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये जमीन स्थिर ठेवायची सोय आहे, ती वापरा. रंग ताणताना हात आखडता ठेवा. डोक्याभोवतीची हिरवी छटा द्विअणू कार्बनची असते आणि सूर्यप्रकाशाने तो रेणू लवकर फुटतो, म्हणून ती शेपटीपर्यंत पोचत नाही. शेपूट हिरवी झाली असेल तर सॅच्युरेशन मागे घ्या. फाइलच्या नावात तारीख, वेळ, गाव, लेन्स आणि सेकंद लिहा, आणि मूळ रॉ फाइल पुसू नका.