नाव एमपीथ्री, आत भलतंच

कुडाळला एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी तीन वर्षं काढली. डेटा रिकव्हरी शिकायला म्हणून गेलो आणि पहिलं वर्ष लोकांचे पेनड्राइव्ह फॉरमॅट करून देण्यात गेलं. खरं शिकलो ते एका डबलबारीमुळे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यामुळे.

एक भजनी बुवा मेमरी कार्ड घेऊन आले. "माझ्या बापाशीची बारी आसा ह्यात. गाडीत लागणा नाय." फाइलीला नाव एमपीथ्रीचं. मी फाइल खराब आहे असं ठरवून दोन कन्व्हर्टर झिजवले. शेवटी शेजारच्या टेबलावरचा दादा म्हणाला, "आधी पोटात बघ." हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. सुरुवातीलाच २३ २१ ४१ ४डी ५२ ०ए. म्हणजे हॅश, उद्गारचिन्ह, मग ए-एम-आर आणि नवी ओळ. जुन्या मोबाइलवरचं एएमआर रेकॉर्डिंग. कुणीतरी नुसतं नाव बदललेलं. एमपीथ्री करून दिल्यावर बुवांनी लगेच विचारलं, "झांज खय गेली?" त्या एएमआरचं सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा आवाज मोजलेला. त्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही नोंदलंच गेलं नव्हतं. जे रेकॉर्डच झालं नाही ते कन्व्हर्टर कुठून आणणार?

तेव्हापासून एक्स्टेंशनवर, म्हणजे नावाच्या टोकाला टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांवर, विश्वास नाही. पहिले सोळा बाइट बघायचे. आवाजाच्या फाइलींचे प्रकार असे ओळखायचे. फ्लॅक स्वतःचं नाव लिहून ठेवतो: लहान एफ, मोठा एल, लहान ए, मोठा सी. ऑगमध्ये ओ-जी-जी-एस दिसतं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटाही बहुतेक याच डब्यात, आत ओपस या पद्धतीने दाबलेला आवाज. एमफोरएमध्ये पहिले चार बाइट सोडून पुढे 'एफटीवायपी' शोधा.

वेव्हमध्ये मात्र मी तोंडावर आपटलो. आर-आय-एफ-एफ दिसलं की वेव्ह, असं डोक्यात बसलेलं. एका गिऱ्हाइकाला ऑडिओ म्हणून जे दिलं ते दशावताराचं व्हिडिओ शूटिंग निघालं. रिफ हा फक्त डबा आहे. एव्हीआय आणि वेबपी चित्रंही त्यातच येतात. नवव्या ते बाराव्या बाइटमध्ये 'वेव्ह' लिहिलंय का, ते बघितल्याशिवाय बोलू नये.

याच वेव्हने पुढे लाजही राखली. देवळासमोरच्या नाटकात मध्येच वीज गेली आणि रेकॉर्डर बंद पडला. फाइल १,२७० एमबीची, पण प्लेअर लांबी शून्य दाखवतो. रेकॉर्डिंग नीट थांबवलं की मगच काही रेकॉर्डर हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, लांबी भरतात. इथे ती भरायचीच राहिली होती. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, तासाला साधारण ६३५ एमबी. दोन तासांचं नाटक आत शाबूत होतं! कॉपी केली (मूळ फाइलीला हात लावायचा नाही, कधीच नाही), पाचव्या बाइटपासूनच्या चार जागांत एकूण आकार वजा ८ भरला आणि 'डेटा' या शब्दानंतरच्या चार जागांत खऱ्या आवाजाचा आकार. साध्या हेडरला तो एकूण वजा ४४ येतो. आकडा उलटा लिहायचा, सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी. माझा पहिला प्रयत्न सुलटा लिहिल्यामुळेच फसला.

सरावाला पैसे लागत नाहीत. लिनक्सवर 'फाइल' आणि 'एक्सएक्सडी' या कमांड, विंडोजवर एचएक्सडी. मित्राकडून दहा फाइलींची एक्स्टेंशनं उडवून घ्या आणि ओळखत बसा. अडाल ते एमपीथ्रीपाशी. सुरुवातीला आयडीथ्री टॅग (गाण्याचं नाव वगैरे माहिती) असला तर सोपं, नसला तर बहुतेकदा नुसतं एफएफ एफबी. कच्च्या एएसीची (एमफोरएच्या डब्याविना असलेल्या आवाजाची) सुरुवात बहुतेकदा एफएफ एफ१, म्हणजे दिसायला सख्खा भाऊ. शिवाय कुठल्याही फाइलीत हे दोन बाइट योगायोगानेही सापडतात. म्हणून पुढची फ्रेम, म्हणजे आवाजाचा पुढचा तुकडा, शोधायची: १२८ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झच्या एमपीथ्रीत ४१७-४१८ बाइटनंतर पुन्हा एफएफ एफबी यायलाच हवं. घाईत मी ही मोजणी टाळतो आणि अजूनही कधीतरी फसतो.